आवाज कुठे ठेवायचा? फर्नांदो फर्नान गोमेझची गोष्ट

प्रश्न थोडक्यात असा आहे: चार वर्षं एकांकिका आणि प्रायोगिक नाटकं करणारा एक तरुण नट आता कॅमेऱ्यासमोरच्या ऑडिशन देतोय आणि दर वेळी त्याला 'नाटकी होतंय' असं ऐकावं लागतंय. फिल्म सोसायटीत त्याने 'एल एस्पिरितू दे ला कोल्मेना', म्हणजे 'मधमाश्यांच्या पोळ्याचा आत्मा', हा स्पॅनिश चित्रपट पाहिला. त्यातला मधमाश्या पाळणारा बाप ज्याने केलाय तो नट मूळचा स्टेजचा आहे असं त्याला कळलं. हा माणूस कोण, आणि त्याला दोन्हीकडे कसं जमलं?

माणसाचं नाव फर्नांदो फर्नान गोमेझ. (माद्रिदचे लोक 'गोमेथ' म्हणतात, पण आपल्या तोंडी गोमेझच बसलंय.) मी तीसेक वर्षं रंगभूमीवर आहे, मालिकांमध्ये वडील-आजोबा करतो आणि वाचिक अभिनयाच्या कार्यशाळा घेतो. या नटाकडे मी वळलो त्याचं कारण तुमच्या प्रश्नातच आहे. मालिकेच्या माझ्या पहिल्याच दिवशी, पहिल्याच टेकला साउंडवाल्याने कानावरचा हेडफोन काढून हातात धरला आणि म्हणाला, "काका, माइक तुमच्या कॉलरलाच आहे. शेवटच्या रांगेला नका ऐकवू." सगळा सेट हसला. मीही हसलो, पण घरी जाईपर्यंत ते वाक्य कानात होतं. त्यानंतर काही वर्षांनी या नटाचा एक प्रसंग पाहिला आणि वाटलं, हा माझीच फजिती दाखवतोय. त्या प्रसंगाकडे येतोच. आधी माणूस.

जन्म 28 ऑगस्ट 1921, पेरू देशातल्या लिमा शहरात. स्पॅनिश नट पेरूमध्ये कसा जन्मला? कारण आई दौऱ्यावर होती. कारोला फर्नान गोमेझ ही अभिनेत्री नाटक कंपनीबरोबर दक्षिण अमेरिकेत फिरत होती, वाटेत मूल झालं, आणि त्याची जन्मनोंद नंतर अर्जेंटिनात, ब्युनोस आयर्सला झाली. त्यामुळे हा गडी आयुष्याची साठ वर्षं कागदोपत्री अर्जेंटिनाचा नागरिक होता. स्पॅनिश नागरिकत्व मिळालं 1984 मध्ये.

आणि बाप? बापही नटच, फर्नांदो दिआझ दे मेंदोसा. तो मारिया गेरेरोचा मुलगा. मारिया गेरेरो म्हणजे त्या काळच्या स्पॅनिश रंगभूमीची सम्राज्ञी. नवरा-बायकोची स्वतःची कंपनी, अटलांटिक ओलांडून दौरे, आणि याच 1921 च्या सप्टेंबरात तिने ब्युनोस आयर्समध्ये स्वतःचं 'सेर्वान्तेस' थिएटर उघडलं. नातू जन्मून जेमतेम आठवडा झाला होता. पण मुलाने कारोलाशी लग्न करणं तिला मान्य नव्हतं. लग्न झालं नाही. पोराला आईचं आडनाव मिळालं, आणि आई पुन्हा दौऱ्यावर गेली की त्याला माद्रिदमध्ये आईची आई सांभाळायची. म्हणजे एका आजीचं नाव थिएटरच्या पाटीवर आणि दुसरी आजी घरात वरणभात करणारी (तिकडे वरणभात नसतो, पण अर्थ कळला असेल). ही दोन आज्यांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

1936 च्या जुलैमध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं तेव्हा तो पंधराव्या वर्षात होता. माद्रिदला वेढा पडला आणि तो जवळजवळ युद्धाच्या शेवटापर्यंत, मार्च 1939 पर्यंत टिकला. बॉम्ब पडत होते, खायला नव्हतं, आणि तरीही थिएटरं चालू होती. बहुतेक सगळी नाट्यगृहं कामगार संघटनांच्या ताब्यात गेली होती. त्यातल्या 'से-एने-ते' या अराज्यवादी संघटनेने नटांसाठी शाळा काढली होती. फर्नांदो तिथे शिकला आणि 1938 मध्ये, सतराव्या वर्षाच्या आसपास, लाउरा पिनियोसच्या कंपनीत पगारी नट म्हणून उभा राहिला. नट व्हायचं की नाही हा प्रश्न त्याला फार पडला असेल असं मला वाटत नाही. ज्या घरात आई-बाप-आजी सगळेच रंग लावणारे, तिथे पोरगं विंगेतच रांगतं.

युद्ध संपल्यावर एनरिके हार्दिएल पोन्सेला या विनोदी नाटककाराने त्याला उचललं. एक गंमत सांगतो. फर्नांदो लालसर केसांचा, उंच, हडकुळा, मोठ्या नाकाचा. देखणा नायक कोणत्याही कोनातून नाही. हार्दिएलने 1941 च्या नाटकात त्याला जी भूमिका दिली तिचं नावच 'लाल केसवाला'. चोरांच्या टोळीतला एक जण. नाटकाचं नाव 'लोस लाद्रोनेस सोमोस खेन्ते ओनरादा', म्हणजे 'आम्ही चोर प्रामाणिक माणसं आहोत'. ज्या गोष्टीमुळे इतरांनी त्याला बाजूला ठेवलं असतं, तीच त्याची पहिली ओळख झाली. तुमच्यापैकी ज्यांना 'फेस नाही' म्हणून परत पाठवतात त्यांनी हे वाचून थोडं सुखावायला हरकत नाही. मी सुखावलो होतो.

1943 पासून तो चित्रपटात आला. सिफेसा नावाची मोठी निर्मितीसंस्था होती, तिने त्याला घेतलं आणि 'क्रिस्तिना गुस्मान'मध्ये छोटं काम मिळालं. त्यानंतर काम येतच राहिलं. 1940 चं दशक संपेपर्यंत तो स्पेनमधला चालणारा नट झाला होता. चालणारा म्हणजे काय, तर सरकारला आणि चर्चला जे चालत होतं त्यात चालणारा. युद्ध जिंकलेल्या हुकूमशहा फ्रँकोची राजवट, कडक सेन्सॉर, आणि पडद्यावर सैनिक, नौदलाचे कॅडेट आणि पाद्री. 'बोतोन दे आन्क्ला' (1948) मधला नौदलाचा कॅडेट त्याने केला. 'बालारासा' (1951) मध्ये पत्ते कुटणारा उनाड सैनिक मिशनरी होतो, तो केला आणि सिनेमा धो धो चालला. 'ला मियेस एस मूचा' (1948) मध्ये तर तो चक्क हिंदुस्थानात आलेला मिशनरी आहे. आपल्याकडच्या प्रेक्षकाने तो पाहिला तर डोक्याला हात लावेल, पण नटाचं काम बघण्यासारखं आहे.

पुढे लोक त्याला विचारायचे की तू अराज्यवादी विचारांचा, मग ते पाद्री कसे केलेस? त्याने ते कधी लपवलं नाही की त्याचं सोवळं नेसून समर्थनही केलं नाही. पोटाचा धंदा होता. जवळपास दोनशे चित्रपटांत काम केलेल्या या माणसाने त्यातले किती स्वतः पैसे देऊन पाहिले असते हा प्रश्नच आहे. आपल्याकडे यावर दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक, "नाइट मिळते ना, बस." दुसरं, "मी असलं करतच नाही." फर्नान गोमेझ या दोन्हींच्या मधल्या वाटेने पन्नास वर्षं चालला. फालतू सिनेमात मिळालेले पैसे आणि ओळख त्याने कशात घातली ते पाहिलं की हिशोब कळतो. 1949 मध्ये त्याने माद्रिदच्या कॅफे हिखोनच्या नावाने लघुकादंबरीसाठी एक पुरस्कार सुरू केला. कॅफेत रोज बसणारे लेखक, तोही त्यांच्यात बसणारा. नट कमावता होता, लेखक उपाशी होते, एवढाच मामला. तो पुरस्कार पुढे स्पॅनिश साहित्यात नावाजला गेला.

त्याच काळात 'एसा पारेहा फेलिस' ('ते सुखी जोडपं') आला. 1951 मध्ये बनला, पण प्रदर्शित व्हायला 1953 उजाडलं. बार्देम आणि बेर्लांगा या दोन पोरांचा पहिला चित्रपट. फर्नांदो यात सिनेमाच्या स्टुडिओतला इलेक्ट्रिशियन आहे. साबणाच्या कंपनीच्या स्पर्धेत बायकोला बक्षीस लागतं आणि एक दिवस या जोडप्याला शहरभर फुकट फिरवतात, खाऊपिऊ घालतात. सगळ्या त्या थाटात हा माणूस कोट अंगावर चढवून असा वावरतो की कोट भाड्याचा आहे हे तोंडाने सांगावंच लागत नाही. नायकाच्या नाटकी पवित्र्याचा मागमूस नाही. त्या वेळचे स्पॅनिश चित्रपट बहुतेक नंतर डब होत, म्हणजे आवाज पुन्हा स्टुडिओत उभं राहून भरायचा. मला वाटतं याने त्याचं एक शिक्षण नकळत झालं असणार. स्वतःचा चेहरा पडद्यावर बघत, स्वतःच्याच ओठांच्या मापाने बोलायला लागलं की किती जास्तीचं करून ठेवलंय ते दिसतं. तुम्हाला कधी डबिंगचं काम मिळालं तर सोडू नका.

दिग्दर्शक म्हणूनही तो 1953 पासून काम करू लागला. 'ला विदा पोर देलान्ते' (1958) मध्ये नवं लग्न झालेलं जोडपं, नोकरी नाही, घर नाही. त्यातला एक प्रसंग मी कार्यशाळेत दाखवतो. मोटारीच्या अपघाताचा साक्षीदार तोतरा आहे. ती भूमिका करतोय पेपे इस्बेर्त, घोगऱ्या आवाजाचा म्हातारा नट. तो अडखळत सांगतो तशी पडद्यावरची घटनाही अडखळते. गाडी पुढे येते, थांबते, पुन्हा तेवढीच पुढे येते. शब्दाचं अडखळणं चित्राला चिकटवलंय. ज्याने रेडिओ, नाटक, पडदा तिन्ही हाताळलंय अशाच डोक्यात हे येऊ शकतं.

1963-64 मधले त्याचे दोन चित्रपट मात्र बुडवले गेले. 'एल मुन्दो सिगे' ('जग चालूच राहतं') मध्ये माद्रिदच्या एका घरातल्या दोन बहिणी एकमेकींचा जीव घेतील इतका द्वेष करतात. फर्नांदो स्वतः त्यात फुटबॉलच्या लॉटरीत पगार उडवणारा वेटर झालाय, आणि त्याने त्या माणसाला सहानुभूतीचा एक थेंबही मागितलेला नाही. सेन्सॉर, वितरक कुणालाच तो नको होता. 1965 मध्ये बिल्बाओमध्ये जेमतेम लागला आणि गायब झाला. व्यवस्थित प्रदर्शन झालं 2015 मध्ये, तो गेल्यावर आठ वर्षांनी. 'एल एक्स्त्रान्यो विआखे' ('विचित्र प्रवास', 1964) चंही तेच, वर्षानुवर्षं डब्यात पडून राहिला आणि मग दुसऱ्या सिनेमाच्या शेपटीला बांधून लावला. आज दोन्ही स्पॅनिश सिनेमाच्या उत्तम कामांत मोजतात. त्या वेळी त्याने काय केलं? पुन्हा नट म्हणून मिळेल ते काम घेतलं.

आता तुम्ही पाहिलेल्या चित्रपटाकडे. 1973, दिग्दर्शक व्हिक्तोर एरिसे. युद्ध नुकतंच संपलंय, सेगोव्हियाच्या बाजूचं गाव, मोठं घर, षटकोनी तावदानांतून येणारा मधाच्या रंगाचा उजेड. छोट्या आना तोरेन्तला शूटिंगला नावांचा गोंधळ व्हायचा, म्हणून एरिसेने चौघांची पात्रं त्यांच्या खऱ्या नावांनीच ठेवली. बाप म्हणून फर्नांदो. संपूर्ण चित्रपटात त्याला बोलायला फार थोडं आहे. जाळीचा टोप घालून पोळी हाताळतो. रात्री टेबलाशी बसून मधमाश्यांबद्दल लिहितो, खोडतो, आणि तिथेच झोप लागते. एवढंच.

मी तुम्हाला एक प्रसंग पुन्हा पाहायला सांगेन, तो अळंब्यांचा. बाप दोन्ही मुलींना रानात घेऊन जातो, चांगली अळंबी कोणती, विषारी कोणती ते दाखवतो. एक विषारी सापडते. तो तिच्याबद्दल बोलतो आणि मग बुटाच्या टाचेने तिला चिरडतो. बोलताना आवाजात ना शिक्षकाचा सूर, ना धोक्याची घंटा. मुली खाली वाकलेल्या आहेत, त्यांच्या कानापर्यंत पोचेल एवढाच आवाज. नाटकवाल्याची खोड काय असते? समोर दोन माणसं असली तरी आपण दोनशेंशी बोलतो. हा पस्तीस वर्षं रंगभूमी केलेला, घशात ढोल असलेला माणूस. खोल, खरखरीत, पल्लेदार आवाज. तो त्याने कमी केलेला नाही, *जवळ* ठेवलाय. यातला फरक कळायला मला बराच काळ लागला. आवाज कमी केला की आपण पुटपुटतो, ऑडिशनला तुमचंही तेच होत असणार. 'नाटकी' म्हटलं की पोरं कुजबुजायला लागतात. हा कुजबुजत नाही. ऐकणारा जिथे आहे तिथपर्यंत बोलतो, त्यापुढे नाही.

त्याच काळात कार्लोस साउराच्या 'आना इ लोस लोबोस' मध्ये त्याने गुहेत बसून हवेत तरंगू पाहणारा साधक केला. 'एल आनाकोरेता' मध्ये तर एक माणूस अकरा वर्षं स्वतःच्या न्हाणीघरातून बाहेर येत नाही. मित्र तिथेच येतात, पत्ते खेळतात, आणि हा ॲस्पिरिनच्या नळीत चिठ्ठ्या घालून संडासात सोडतो. पूर्ण चित्रपट एका न्हाणीघरात. रंगमंचाची चौकट याहून लहान काय असणार? या भूमिकेसाठी 1977 मध्ये बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं रौप्य अस्वल मिळालं. 1985 मध्ये 'स्तिको' साठी पुन्हा मिळालं. त्यात तो रोमन कायद्याचा निवृत्त प्राध्यापक आहे. पैसे संपलेत, म्हणून खाण्या-राहण्याच्या बदल्यात स्वतःला रीतसर गुलाम म्हणून देऊ करतो, आणि कायद्याची कलमं सांगत गुलामी करतो. कल्पना तर्कटी आहे, पण त्याने ती इतक्या शांतपणे केलीय की पाहताना आधी हसू येतं आणि मग आपल्या ओळखीचा एखादा म्हातारा आठवतो.

इथे मी थोडा नाटकाकडे वळतो, कारण माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम तिथे आहे, आणि त्यात त्याने भूमिका केलीच नाही. 'लास बिसिक्लेतास सोन पारा एल वेरानो', 'सायकली उन्हाळ्यासाठी असतात'. हे त्याने लिहिलेलं नाटक. 1977 चा लोपे दे व्हेगा पुरस्कार मिळाला, आणि रंगमंचावर यायला 1982 उजाडलं. माद्रिदच्या तेआत्रो एस्पान्योलमध्ये, होसे कार्लोस प्लासाच्या दिग्दर्शनात. 1936 च्या उन्हाळ्यात एका मुलाला सायकल हवी असते. युद्ध होतं. सायकल लांबते. बस, एवढी गोष्ट, आणि त्यात वेढ्यातलं सगळं माद्रिद.

मसुराचा प्रसंग सांगतो. घरात खायला फक्त मसूर आहेत. भांडं दरवेळी पानात येईपर्यंत थोडं कमी भरतं. बाप, डॉन लुईस ('डॉन' म्हणजे आपलं 'राव'), सगळ्या घराची बैठक बोलावतो आणि विचारतो, भांड्यातलं कोण खातं? कुणावर ओरडत नाही. मग एकेक जण कबूल करायला लागतो: स्वयंपाकघरातून जाताना एकच चमचा घेतला. फक्त एक. प्रत्येकाचा एक. आईचाही. बापाचाही. युद्धावर शेकडो नाटकं आहेत, त्यांत तोफा वाजतात, भाषणं होतात. इथे चमचा आहे. ज्याने ते पंधराव्या-सोळाव्या वर्षी पाहिलंय त्यालाच हे कळतं की भूक लागलेला माणूस चोर होत नाही, एक चमच्याचा हिशोब करणारा होतो. शेवटी युद्ध संपतं तेव्हा बाप मुलाला सांगतो की शांतता आलेली नाही, विजय आलाय. हारलेल्यांच्या घरात या दोन शब्दांमधलं अंतर काय असतं ते पुढचं न बोललेलं नाटक.

आता तो प्रसंग, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो.

'एल विआखे आ निंगुना पार्ते', 'कुठेच न जाणारा प्रवास'. आधी त्याने रेडिओसाठी लिहिलं, मग कादंबरी झाली, मग 1986 मध्ये चित्रपट. लेखक, दिग्दर्शक, नट सगळं तोच. 1950 च्या आसपास मांचाच्या उजाड पठारावर गावोगाव फिरणारी एक छोटी नाटक कंपनी. पेट्या डोक्यावर, पुढच्या गावात जागा मिळेल का ही चिंता, कॅफेमालकाशी घासाघीस, आणि त्यांच्या मागोमाग येणारा फिरता सिनेमावाला. आपल्याकडे ज्यांनी फडाचे किंवा कंपनीचे दौरे जवळून पाहिलेत त्यांना सबटायटलची गरज पडणार नाही. फर्नांदो त्यात म्हातारा डॉन आर्तुरो आहे, कंपनीचा कर्ता, अख्खं आयुष्य कोठारांत आणि कॅफेंत आवाज पोचवण्यात गेलेला. एके दिवशी सिनेमाचं युनिट त्या भागात येतं आणि त्याला छोटं काम मिळतं. एक-दोन वाक्यं. पहिला शब्द 'सिन्योरीतो', म्हणजे 'धाकटे मालक'.

कॅमेरा सुरू होतो. डॉन आर्तुरो छाती भरून, हात पसरून, 'सिन्योरीतोऽऽ' म्हणतो की पलीकडच्या टेकडीवर ऐकू जावं. कट. दिग्दर्शक सांगतो, साधं बोला. तो मान हलवतो, त्याला कळलंय. पुन्हा. या वेळी आवाज जरा खाली सुरू होतो आणि शब्दाच्या मध्यावर आपोआप वर चढतो, हातही त्याच्याबरोबर वर जातो. कट. पुन्हा. युनिटवाले हसू दाबतायत. त्याला घाम फुटतो. ज्या कसबावर त्याने घर चालवलं तेच कसब इथे विनोद झालंय, आणि हे का ते त्याला समजत नाही. काम हातचं जातं.

हे कोण करतंय ते ध्यानात घ्या. कॅमेऱ्यासमोर आवाज नेमका कुठे ठेवायचा हे त्या देशात ज्याला सगळ्यात जास्त कळत होतं, तो माणूस ते न कळणाऱ्याची भूमिका करतोय. जरा पाय घसरला असता तर टवाळी झाली असती. झाली नाही, कारण त्याने डॉन आर्तुरोला वाईट नट म्हणून केलाच नाही. आपल्या जागी उत्तम असलेला नट चुकीच्या जागी उभा आहे, असा केलाय. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसत होतो, आणि मध्येच तो साउंडवाला आणि त्याचा हेडफोन आठवला. हसणं तिथेच थांबलं.

स्पेनमध्ये गोया हे चित्रपट पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले ते 1987 मध्ये. सर्वोत्कृष्ट चित्रपट हाच. दिग्दर्शन आणि पटकथा फर्नान गोमेझ. आणि सर्वोत्कृष्ट अभिनेताही तोच, पण तो वेगळ्या चित्रपटासाठी, 'मांब्रू से फुए आ ला गेर्रा'. एकाच रात्री इतकं सगळं. तेव्हा तो पासष्टचा होता.

म्हातारपणातली कामं तुम्ही सहज मिळवून पाहू शकाल. ऑस्कर मिळालेल्या 'बेल एपोक' (1992) मधला चार मुलींचा बाप, आणि अल्मोदोव्हारच्या 'तोदो सोब्रे मी माद्रे' (1999) मधला, पोटच्या मुलीला न ओळखणारा विसरभोळा बाप. दुसऱ्यात काही मिनिटांचंच काम आहे. 'एल आबुएलो' ('आजोबा', 1998) वर मात्र थांबायला हवं. गाल्दोसच्या कादंबरीवरचा चित्रपट. अधू नजरेचा म्हातारा सरदार परत येतो, कारण त्याला कळलंय की दोन नातींपैकी एक त्याच्या रक्ताची नाही. कोणती ते त्याला शोधून काढायचंय. शोधता शोधता कळतं की जी रक्ताची नाही तीच त्याच्यावर जीव टाकते. आता मगाशी सांगितलेल्या दोन आज्या आठवा. ज्याला स्वतःच्या थोर आजीने नातू म्हणून पत्करलं नाही, त्याने सत्त्याहत्तराव्या वर्षी रक्त शोधणारा आजोबा केला. त्याच्या मनात तेव्हा काय होतं हे तोच जाणे. पण शेवटी तो त्या मुलीला जवळ करतो तेव्हा मला तरी सरदार दिसत नाही. या भूमिकेने त्याला दुसऱ्यांदा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा गोया दिला.

मानसन्मानांची यादी लांब आहे. 1995 मध्ये कलेसाठीचा प्रिन्स ऑफ आस्तुरियास पुरस्कार, 2000 च्या जानेवारीत रॉयल स्पॅनिश अकादमीत 'बी' अक्षराच्या खुर्चीवर प्रवेश, 2005 मध्ये बर्लिनचं मानद सुवर्ण अस्वल. बॅचलरची पदवीही नसलेला, दौऱ्यावर जन्मलेला पोरगा स्पॅनिश भाषेचा कोश करणाऱ्या मंडळीत बसला. बाकी इंटरनेटवर त्याचं नाव टाकलं तर पहिल्यांदा एक छोटी क्लिप दिसते, ज्यात तो एका चाहत्यावर जाहीरपणे भडकून त्याला शिवी देतो. स्पेनमधल्या नव्या पिढीतल्या अनेकांना तो तेवढाच माहीत आहे. त्यापेक्षा 'ला सिया दे फर्नांदो' (2006) पाहा. खुर्चीत बसून तो नुसता बोलतो, गप्पा मारतो, बाकी काही नाही. तासाभराहून जास्त एका म्हाताऱ्याचा चेहरा आणि आवाज, आणि उठावंसं वाटत नाही.

21 नोव्हेंबर 2007 ला माद्रिदमध्ये तो गेला, 86 व्या वर्षी. पार्थिव ठेवलं होतं तेआत्रो एस्पान्योलच्या रंगमंचावर, जिथे त्याच्या सायकली पहिल्यांदा आल्या. शवपेटीवर लाल-काळा झेंडा, अराज्यवाद्यांचा. सतराव्या वर्षी ज्यांच्या शाळेत तो नट झाला त्यांचा. माद्रिदमध्ये मारिया गेरेरोच्या नावाचं सरकारी नाट्यगृह आहे. तिथून चालत दहाएक मिनिटांवर, प्लाझा दे कोलोनला, महापालिकेच्या एका नाट्यगृहाला आता फर्नान गोमेझचं नाव आहे.

तुमच्या ऑडिशनबद्दल. 'ला लेंगुआ दे लास मारिपोसास' (1999) घ्या. स्पेनमधल्या गालिसियातल्या खेड्यात, 1936 मध्ये युद्ध पेटायच्या आधीच्या महिन्यांत, एक म्हातारा मास्तर लहान मुलाला फुलपाखराची जीभ कशी गुंडाळलेली असते ते शिकवतो. पहिल्यांदा चित्रपट पूर्ण पाहा. मग शेवटची पाच मिनिटं आवाज पूर्ण बंद करून पाहा. मास्तरला पकडून ट्रकमध्ये चढवतात, गाव त्याला शिव्या देतंय, आणि तोच लाडका मुलगाही दगड उचलून मागे धावतो. फर्नांदो ट्रकच्या आत आहे. त्याला एकही वाक्य नाही. मुलाकडे तो कुठल्या क्षणी बघतो आणि किती वेळ, ते मोजा. मग आवाज चालू करून पुन्हा पाहा. मुलगा शिव्यांनंतर काय ओरडतो ते ऐका. मास्तरनेच शिकवलेले दोन शब्द आहेत, एका पक्ष्याचं नाव आणि फुलपाखराच्या जिभेचं नाव. ते शब्द कानावर पडताना मास्तरच्या चेहऱ्यावर जे होतं, तेवढ्याच मापात तुमचं ऑडिशनचं पुढचं वाक्य बोलून बघा. मोबाइल तीन फुटांवर ठेवा, समोर कुणाला तरी बसवा. एकट्याने भिंतीशी करू नका, भिंत दिसली की आपला आवाज लगेच चढतो.